मदत हवी आहे: गाण्याच्या साथीसाठी सीडर-महॉगनी की स्प्रूस-रोझवूड गिटार?

नमस्कार मंडळी,

बायको भावगीतं गाते, मी गिटारवर साथ करतो. तिची पट्टी काळी चार, त्यामुळे पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लावून जी पट्टीच्या कॉर्डचे आकार धरतो. पिक जवळजवळ वापरत नाही, बोटांनीच वाजवतो. घरगुती बैठका आणि सोसायटीचा गणेशोत्सव, एवढंच आमचं रिंगण. हातातली गिटार पूर्ण प्लायची, म्हणजे पातळ थर चिकटवलेल्या लाकडाची आहे. अंतऱ्याच्या शेवटी ती सूर लांबवते, तेव्हा माझा कॉर्ड अर्ध्यावरच विरून जातो आणि तिच्या आवाजाखाली एकदम पोकळी पडते. ती पोकळी भरायची आहे. बजेट चाळीस हजारांपर्यंत.

पुण्यातल्या एका दुकानात दोन गिटारींवर मन अडकलंय.

पहिलीची वरची फळी सॉलिड (थर नसलेल्या, अखंड) सीडरची, मागची-बाजूची महॉगनीची, अंगाने लहान. बोट नुसतं टेकवलं तरी बोलते. सूर सरळ, भोवती फार गुंजन नाही. पण ठेक्याचं गाणं म्हणून जोरात स्ट्रमिंग केलं की आवाज एका मर्यादेपुढे वाढेना, नुसता गचगचाट झाला.

दुसरी ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या, रुंद अंगाची. वर सॉलिड सिटका स्प्रूस, मागे-बाजूला इंडियन रोझवूड, म्हणजे आपल्या सह्याद्रीतही वाढणारं शिसवी. अंगठ्याने सहावी तार छेडली आणि कान देऊन थांबलो: खर्ज बराच वेळ टिकला आणि तो ओसरताना वरचे स्वयंभू सूर वेगळे ऐकू आले. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला हे फार भावतं. मात्र बायकोने दोन ओळी गुणगुणल्या, तेव्हा खालच्या सुरांची गर्दी तिच्या शब्दांवर आली असं मला वाटलं. तिला तसं वाटलं नाही.

आता प्रश्न. हा फरक लाकडाचा किती आणि गिटारीच्या आकाराचा किती? मागच्या लाकडाने खरंच एवढं बदलतं का? आणि पुण्याचा कोरडा एप्रिल आणि दमट जुलै यांत सॉलिड लाकूड टिकवायचं कसं? जाणकारांनी कृपया सांगावं. अनुभवाचे बोल असतील तर फारच उत्तम.

प्रतिसाद – तरफ

तुमचे कान चांगले आहेत, पण तुम्ही एकाच वेळी चार गोष्टींची तुलना केलीत: वरची फळी, मागचं लाकूड, आकार आणि तारा. खालच्या सुरांची गर्दी ही मुख्यतः ड्रेडनॉटच्या मोठ्या पोटाची. तिचं खापर शिसवीवर फोडू नका.

आवाजाचा मोठा वाटा वरच्या फळीचा आणि तिच्या आतल्या पट्ट्यांचा. सीडर हलकं आणि मऊ, म्हणून हळू स्पर्शाला लगेच उठतं आणि जोराला लवकर थकतं. स्प्रूस जोर सोसतं. तुम्ही ऐकलंत ते अगदी हेच. (सीडरवर नखांचे ओरखडेही लवकर उठतात, बोटांनी वाजवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.)

मागच्या लाकडाबद्दल बरंच बोललं जातं. स्पेनच्या तोर्रेस या गिटार बनवणाऱ्या कारागिराने १८६२ साली मागची आणि बाजूची अंगं चक्क पुठ्ठ्याची करून गिटार बनवली होती, ती आजही बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. २०१८ साली इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा गिटारींवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. मापं सारखी, वर सगळीकडे सिटका स्प्रूस, फक्त मागचं-बाजूचं लाकूड वेगळं: ब्राझीलचं महागडं रोझवूड, आपलं शिसवी, महॉगनी, मेपल वगैरे. ५२ वादकांनी अंधुक उजेडात, डोळ्यांवर वेल्डरचा गॉगल लावून त्या वाजवल्या. आवाजाला दिलेले गुण जवळजवळ सारखेच निघाले. माझ्या मते फरक शून्य नसतो, पण त्यासाठी पैसे मोजण्याएवढा क्वचितच असतो.

शिवाय तुमच्या बजेटमध्ये मागची फळी बहुतेक वेळा लॅमिनेट असते, वरून शिसवीचा पातळ पापुद्रा. साउंडहोलमधून (तारांखालच्या गोल भोकातून) आत पाहा. बाहेरच्या रेषा आणि गाठी आतही त्याच जागी दिसल्या तर सॉलिड. लॅमिनेट निघालं तरी नाराज होऊ नका, हवामान बदललं की तेच कमी तडकतं.

हवेबद्दल: केसमध्ये छोटा आर्द्रतामापक ठेवा, ४५ ते ५५ टक्के राखा. पावसाळ्यात वरची फळी फुगून तारा उंच होतात, तेव्हा ओलावा शोषणारं सिलिका जेल. एप्रिल-मेमध्ये उलट, ओलावा देणारी स्पंजची डबी.

माझा सल्ला: दुकानदाराला स्प्रूसची, पण लहान अंगाची गिटार दाखवायला सांगा. मागे शिसवी असो वा महॉगनी. तिन्हींवर एकाच मापाच्या नव्या तारा चढवून घ्या. दुसऱ्या कुणाला तरी वाजवू द्या आणि तुम्ही दोघं पाठ करून ऐका. वहिनींनी पूर्ण अंतरा गावा, दोन ओळी पुरत नाहीत.

धागाकर्ता

तरफ, मनापासून आभार. पाठ करून ऐकण्याचं सुचलंच नव्हतं. दुकानदाराशी बोललो, तारा बदलून द्यायला तयार आहे, तारांचे पैसे माझे. लहान अंगाची स्प्रूस-महॉगनी गोदामातून मागवतोय. एक शंका उरली: तारांचा बाराचा सेट लावू की त्याहून पातळ अकराचा (आकडा सर्वांत बारीक तारेच्या जाडीचा)? बोटांनी वाजवताना अकरा सोपा जातो, पण सूर टिकण्यात त्याने किती कमी पडेल? स्प्रूसवर अकराचा सेट वापरणाऱ्यांनी जरूर लिहा.