शब्दचर्चा : क्रीडावैद्यक पथकातलं 'डेलिगेशन' – सोपवणे, प्रत्यायोजन की मुखत्यारी?

फोंडा_वाचक : मैदानावरच्या वैद्यकीय पथकाच्या व्यवस्थापनावर मराठीत टिपण तयार होतंय, वाचक म्हणजे फिजिओ, नर्स आणि संघांचे मॅनेजर. 'डेलिगेशन'ला शासकीय परिभाषेत प्रत्यायोजन आहे, पण तो शब्द गोव्यातल्या एकाही फिजिओच्या तोंडी येणार नाही. 'जबाबदारी सोपवणे' चालेल का? शिवाय हर्सी-ब्लँचर्ड या व्यवस्थापन-अभ्यासकांच्या परिस्थितीनुरूप नेतृत्वातल्या (समोरच्या माणसाची अवस्था बघून शैली बदलायची) चार शैलींना काय म्हणावं?

मैदानी_फिजिओ : 'जबाबदारी सोपवणे' नको. पूर्णपणे सोपवता येत नाही ती नेमकी जबाबदारीच. काम दिलं जातं, निर्णयाचा अधिकार ठरावीक मर्यादेपर्यंत दिला जातो. उत्तरदायित्वाचं तसं नाही. करणारा आपल्या कृतीपुरता उत्तरदायी, पण योग्य माणसाला दिलं का आणि लक्ष ठेवलं का, याचं उत्तर देणाऱ्यालाच द्यावं लागतं. मराठीत 'जबाबदारी' या एकाच शब्दात हे तिन्ही कोंबलेलं आहे आणि घोटाळा तिथेच होतो.

फातोर्ड्याला (मडगावच्या स्टेडियमवर) एप्रिलमधला दुपारचा सामना धरा. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. खेळाडू कोसळला, असंबद्ध बोलतोय, गुदमार्गाने घेतलेलं तापमान ४०.५ अंश सेल्सियसच्या वर. (कपाळावर धरायचं थर्मामीटर इथे हमखास फसवतं.) नियम असा, की आधी गार करायचं, मग हलवायचं. बर्फ घातलेल्या पाण्याच्या टबात मानेपर्यंत, पाणी सतत ढवळत, तापमान ३९च्या जरा खाली येईपर्यंत, आणि हे अर्ध्या तासाच्या आत. कागदावर मात्र एवढंच असतं : 'बर्फाची जबाबदारी अमुककडे'. बर्फ येतो, पण फॅक्टरीतून आलेल्या लाद्या फोडायच्या कोणी हे ठरलेलं नसतं. टब सामन्याआधी भरून ठेवायचा कोणी, तेही नाही. आणि १०८ रुग्णवाहिका दारात आली की 'अजून गार करतोय, पाच मिनिटं थांबा' म्हणायचा अधिकार कोणाला, हे तर कुठेच लिहिलेलं नसतं. मग सर्वांत मोठ्या आवाजाचा पदाधिकारी खेळाडूला गाडीत घालायला लावतो. काम वाटलं गेलं होतं, अधिकार वाटला गेला नव्हता.

कोशकीटक : यासाठी मराठीत शब्दांची उतरंड आहे, ती वापरावी.

'स्वाधीन करणे'मध्ये ताबाच जातो (कोकणीत सुवादीन करप). किल्ल्या स्वाधीन केल्या की देणारा मोकळा. 'सोपवणे'मध्ये लक्ष राहतं. मूल आजीकडे सोपवलं म्हणून आईपण संपत नाही. 'अंगावर टाकणे'मध्ये काम जातं आणि लक्षही जातं. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ज्याला सोपवण्यातलं अपयश म्हणून दाखवतात, ते बहुधा हेच. निर्णयाच्या अधिकारासाठी 'मुखत्यारी' आहे : मुखत्याराने केलेली सही मालकाला बांधते. कोमुनिदादीतला (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेतला) प्रोकुरादोर, म्हणजे मुखत्यार, माहीत असलेल्या गोंयकाराला हे समजावून सांगावं लागणार नाही.

म्हणून : काम सोपवणे, निर्णयाची मुखत्यारी देणे.

वॉर्ड_इन्चार्ज : 'मुखत्यारी' ऐकली की लोकांना कुलमुखत्यारपत्र आठवतं, म्हणजे सगळंच दिलं. ते धोक्याचं आहे. वापरायचाच असेल तर शेजारी मर्यादा लिहाच.

डोक्याला मार हे उत्तम उदाहरण. कन्कशनचा (मेंदूला धक्का बसल्याचा) संशय आला की त्या दिवशी खेळ बंद. 'बाहेर काढा' म्हणायची मुखत्यारी फिजिओला, नर्सला, अगदी पंचालाही असावी. 'परत जाऊ दे' म्हणायची मात्र फक्त डॉक्टरला. पुनरागमनाचे सहा टप्पे असतात, प्रत्येकाला किमान २४ तास, आणि अंगाला अंग भिडणाऱ्या सरावाआधी डॉक्टरची परवानगी. नकार सगळ्यांच्या हाती, होकार एकाच्या. ही विषमता मुद्दाम ठेवलेली असते. 'जबाबदारी फिजिओकडे' अशा गुळमुळीत वाक्यात ती हरवते आणि दुसऱ्या अर्धात कोच फिजिओच्या मागे लागतो.

नर्सिंगमध्ये सोपवताना पाच 'योग्य' पाहतात : काम, परिस्थिती, व्यक्ती, सूचना, देखरेख. चुकतं ते बहुतेक वेळा चौथं. 'जरा लक्ष ठेव' ही सूचना नव्हे. 'दर दहा मिनिटांनी नाडी आणि शुद्ध बघ, उलटी झाली किंवा बोलणं अडखळलं तर ताबडतोब मला हाक मार, आता काय करणार ते मला सांगून दाखव' ही सूचना. शेवटचा तुकडा सगळ्यांना पोरकट वाटतो, म्हणून गाळला जातो.

मैदानी_फिजिओ : मर्यादेची अट मान्य.

चार शैली : बजावून सांगणे, पटवणे, विचारात घेणे, सोपवणे. दुसरीचं (इंग्रजीत 'सेलिंग') 'विकणे' असं शब्दशः भाषांतर दिसतं, ते कृपया नको. मांडणी १९६९ची. माणसाची अवस्था सांगायला त्यात सुरुवातीला 'परिपक्वता' होतं, नंतर हर्सींनी 'तयारी' घेतलं. मराठीतही तयारीच ठेवा. परिपक्वता म्हटलं की माणसाच्या स्वभावावर शेरा मारल्यासारखं होतं. तयारी त्या त्या कामापुरती मोजायची असते. तोच इंटर्न घोट्याला टेपिंग उत्तम करतो, तिथे सोपवा. मानेची दुखापत असेल तर त्यालाच बजावून सांगा : मान धर, हलवू नकोस, मी सांगेपर्यंत सोडू नकोस. ज्येष्ठ-कनिष्ठ पाहून शैली ठरवणारे मॅनेजर इथे चुकतात. बाकी संशोधनाच्या कसोटीवर या सिद्धांताची प्रकृती तोळामासाच आहे; शिकवायला सोयीचा म्हणून घ्यावा, वेदवाक्य म्हणून नाही.

आणि टिपणात 'लीडर'साठी 'पुढारी' कुठेही येऊ देऊ नका, वाचकाला पंचायत निवडणूक आठवेल.

फोंडा_वाचक : मग 'प्रत्यायोजन' पूर्ण काढून टाकू?

कोशकीटक : संस्थेच्या लेखी आदेशात राहू द्या, तिथे तो कायद्याचा शब्द आहे. टिपणात नको. आदेशाचा नमुना :

'सामन्याच्या दिवशी खेळाडूस मैदानाबाहेर काढण्याचा अधिकार पथकातील फिजिओस प्रत्यायोजित करण्यात येत आहे. हा अधिकार पुढे अन्य कोणासही देता येणार नाही. फिजिओच्या निर्णयात संघ-व्यवस्थापक अथवा प्रशिक्षक यांना बदल करता येणार नाही.'

वॉर्ड_इन्चार्ज : त्यात 'फिजिओ जागेवर नसल्यास नर्स' हेही घाला. फिजिओ दुसऱ्या खेळाडूला घेऊन १०८मधून गेला, तर उरलेल्या सामन्यात हा अधिकार कोणाकडेच राहत नाही.