मदत हवी आहे: डिस्क गोल्फमध्ये अप्रोचसाठी ओव्हरस्टेबल मिडरेंज कोणती घ्यावी?

मंडळी, जरा सल्ला हवाय. अप्रोचसाठी, म्हणजे बास्केटपासून (डिस्क जिच्यात टाकायची ती जाळी) ५०-७० मीटरवरून तिच्याजवळ पोचवायला, ओव्हरस्टेबल (शेवटी जोरात एका बाजूला वळणारी) मिडरेंज (मध्यम पल्ल्याची डिस्क) घ्यायची आहे. मी उजव्या हाताने बॅकहँड टाकतो, फोरहँडही बऱ्यापैकी जमतो.

सध्या बॅगेत डिस्क्राफ्टची बझ आहे. सरळ जाण्यात तिचा हात कोणी धरणार नाही, पण समोरून वारा आला की बॅकहँडला उजवीकडे कलते ती परतच येत नाही. मला अशी डिस्क हवी जी वाऱ्याला दाद देणार नाही, शेवटी हमखास डावीकडे वळेल आणि पडल्यावर फार घसरणार नाही.

डोक्यात तीन आहेत (आकडे अनुक्रमे वेग, ग्लाइड म्हणजे हवेत तरंगणं, टर्न म्हणजे सुरुवातीचं वळण आणि फेड म्हणजे शेवटचं वळण): इनोव्हाची गेटर (५/२/०/३), त्यांचीच रॉक३ (५/४/०/३) आणि डायनॅमिक डिस्क्सची जस्टिस (५/१/०.५/४). जस्टिसचा ग्लाइड १, म्हणजे दगडच की! वाऱ्यात भारी असेल, पण बेताच्या ताकदीच्या माणसाला ७० मीटर झेपेल का? रॉक३चा फेड कागदावर गेटरइतकाच, पण ग्लाइड ४ असल्याने ती बास्केटवरून पुढे तरंगत जाईल अशी धास्ती वाटते. त्यामुळे मन गेटरकडे झुकतंय.

प्लास्टिकचंही सांगा. इनोव्हाचं चॅम्पियन प्लास्टिक टिकतं, पण ओल्या हातातून सटकतं. त्यांच्याच डीएक्स प्लास्टिकच्या डिस्कची पकड छान, मात्र झाडांवर आपटून तिचा ओव्हरस्टेबलपणा लवकर जातो.

‘सरळ डिस्क्राफ्टची झोन डिस्क घे’ म्हणणारे असतीलच. चालेल, पण तिच्यात आणि गेटरमध्ये ६० मीटरवर नेमका काय फरक जाणवतो, विशेषतः फोरहँडला, तेवढं लिहा.