वारी, मोतमावली, माहीम, चैत्यभूमी : भाविकांची छायाचित्रे कशी घ्यावीत?

प्रश्न – नीराकाठ
आळंदी ते पंढरपूर या वाटेवर मी काही वर्षे वारीची छायाचित्रे घेत आलो आहे. आता त्याच मालिकेत वांद्र्याची मोतमावलीची (माउंट मेरीची) जत्रा, माहीमला मखदूम अली माहिमी यांच्या दर्ग्यावर भरणारा मेळा आणि ६ डिसेंबरची चैत्यभूमी घेण्याचा विचार आहे. वारीत कॅमेऱ्याला कोणी हरकत घेत नाही; इतरत्र मी परका असेन. दुरून मोठ्या लेन्सने टिपावे की विचारून जवळ जावे, आणि विचारल्यावर चेहऱ्यावरचा सहजभाव जातो त्याचे काय करावे?

उत्तर – सावली
जवळ जावे, रुंद दृश्य घेणारी ३५ मिमीची लेन्स पुरे. मोठ्या लेन्समधून भाविक एकटा दिसतो. प्रत्यक्षात त्याच्या शेजारी कुटुंब, गाव, दिंडी असते. विचारल्यावर लगेच कॅमेरा डोळ्याला लावू नये. काही वेळ तेथेच बसल्यास माणसे पुन्हा आपापल्या कामाला लागतात.
मोतमावलीविषयी मात्र आग्रहाने सांगतो. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होणाऱ्या त्या आठवडाभराच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळ, घर विकत मिळते आणि नवस बोलणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतात. मेणाचे बाळ हाती घेतलेल्या स्त्रीचा चेहरा ओळखू आला, तर तिच्या घरातली खासगी व्यथा सर्वांपुढे उघडी होते. तेथे स्पष्ट होकाराशिवाय चेहरा घेऊ नये. विक्रेत्याची मांडणी, मेण वितळलेल्या जागा, भाविकांचे हात घ्यावेत.

उत्तर – निळी पहाट
चैत्यभूमीला जत्रेच्या नजरेने येऊ नये, ही विनंती. १९५६ साली याच तारखेला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. लोक पांढऱ्या वस्त्रांत अभिवादनासाठी येतात. वृत्तपत्रांत दरवर्षी गर्दीच छापली जाते. आपण शिवाजी पार्कवरील पुस्तकांच्या दुकानांपाशी थांबावे. दूरच्या गावाहून आलेले कुटुंब पिशवीतले पैसे मोजून मुलांसाठी पुस्तके निवडते, ते या दिवसाचे सर्वांत खरे चित्र आहे. शक्य झाल्यास रांगेत स्वतः उभे राहावे. ओळखी तेथेच होतात.

उत्तर – मंद प्रकाश
दर्ग्यात डोके झाकावे, खादिमांना, म्हणजे दर्ग्याच्या सेवेकऱ्यांना, विचारावे आणि फ्लॅश टाळावा. एफ १.८ (लेन्सचे छिद्र मोठे उघडलेले), आयएसओ ३२०० (कमी उजेडासाठी वाढवलेली संवेदनशीलता) आणि आवाज न करणारे शटर यांवर काम भागते.
वारीत हरकत घेतली जात नाही, हे आपले म्हणणे मात्र मला पटत नाही. पहाटे टँकरपाशी किंवा नदीवर स्नान करणाऱ्या वारकरी स्त्रियांची छायाचित्रे सर्रास काढली जातात, आणि वाटेवर भांडण नको म्हणून त्या गप्प राहतात. ती चित्रे मालिकेतून आधी काढावीत. सदाशिवनगरच्या गोल रिंगणात चोपदार आखून देतील त्या जागेबाहेर राहावे. अश्वांच्या धावेसाठी १/१००० सेकंदाचे शटर लागते. पण धाव संपल्यावर टापांखालची माती कपाळी लावायला लोक धावतात, तेव्हा छायाचित्रकार बहुधा पडद्यावर आपली चित्रे पाहत असतात. त्या वेळी कॅमेरा तयार ठेवावा.