पानशेत : ‘निसर्गाचा कोप’ म्हणून मोकळे व्हायचे का?

शनवारकर :
‘पानशेतचा पूर हा निसर्गाचा कोप होता, त्यापुढे तेव्हाचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण तरी काय करणार,’ असे १२ जुलैच्या निमित्ताने येथे एकाने लिहिले आहे. ते वाचून गप्प बसवेना. आंबी नदीवरचे ते धरण १९६१ च्या जुलैत अपुरे होते, तरीही पहिल्याच पावसाळ्यात त्यात पाणी साठू दिले गेले. पाणी सोडण्याच्या मोरीच्या काँक्रीटमध्ये सळई नव्हती. मोरी खचली, वरचा मातीचा भराव बसत गेला आणि जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचूनही सकाळी धरण गेले. पाठोपाठ त्याखालचे १८७९ चे खडकवासला धरणही फुटले आणि पाणी पुण्यात शिरले. पाऊस जोरदार होता हे खरे. पण धरण बांधतात ते पावसाळ्यासाठीच ना?

निवृत्त अभियंता :
ती पोती रचली गेली नसती तर धरण अंधारात फुटले असते आणि पुण्याला जागे व्हायलाही सवड मिळाली नसती, हे आपण सोयीस्करपणे वगळता. एका कालव्याच्या कामावर मी स्वतः पाहिले आहे की, उद्घाटनाची तारीख आधी ठरते आणि काँक्रीट नंतर ओतले जाते. खापर मात्र अभियंत्याच्याच माथी! शिवाय यशवंतरावांनी चौकशी आयोग नेमला, तो दडपला नाही.

शनवारकर :
आयोगाचे न्यायमूर्ती बावडेकर यांनी आत्महत्या केली आणि काम पुढे नाईक आयोगाकडे गेले, हेही सांगा की! १९६२ मध्ये चीन युद्धाच्या वेळी यशवंतराव संरक्षणमंत्री झाले, तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला म्हणून आपण ऊर भरून सांगतो. मुठेकाठच्या लोकांसाठी तो आदल्या वर्षी कुठे होता?

गोखलेनगरची लेक :
तुमचे मोरी-पुराण चालू द्या. नारायण पेठेतली आमची भाड्याची खोली गेली तेव्हा आजी दोन मुलांना घेऊन पर्वतीवर पळाली. चार दिवसांनी परतली, तर कोठीतल्या चिखलात भिजलेल्या जोंधळ्याला मोड आले होते आणि दारात कोणाचा तरी तांब्याचा हंडा गाळाने भरून पडला होता. पुढची कित्येक वर्षे पूरग्रस्तांसाठीच्या निस्सेन हटच्या, म्हणजे अर्धगोल पत्र्याच्या घराच्या, छपराखाली काढली. वाडामालकाने मात्र ती मोकळी जागा विकून टाकली.

वाड्याचा वारस :
विकणार नाही तर काय करणार? भाडे होते महिना बारा रुपये, भिंती मातीच्या, आणि पडलेला वाडा उभारायला आजोबांना कोणी दमडी दिली नाही. भाडेकरूंना सरकारने निदान छप्पर दिले. मालक म्हटला की तो खलनायकच, हे ठरलेले आहे!

गोखलेनगरची लेक :
छप्पर? मे महिन्यात त्या पत्र्याखाली एक दुपार काढून मग बोला.

निवृत्त अभियंता :
भाडेकरू आणि मालक यांचे भांडण पुरात वाहून जायला हवे होते, ते तेवढे शाबूत राहिलेले दिसते. असो. अपुऱ्या धरणात पाणी साठवायला नको होते, हे मी मान्य करतो. यशवंतरावांबद्दलचे शनवारकरांचे मत मात्र मान्य नाही.

शनवारकर :
साठ वर्षांनी एवढे कबूल केलेत, आभारी आहे.

वाड्याचा वारस :
गोखलेनगरच्या ताई, त्या हंड्यावर नाव कोणाचे घातले आहे, तेवढे पाहून कळवा. आमच्या आजीचाही एक वाहून गेला होता.