जीएनएमला अ‍ॅडमिशन मिळेल का? शनिवारपर्यंत सांगा (इंदूर)

सियागंजची_वही
नमस्कार. मला नर्स व्हायचंय. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, तीन वर्षांचा डिप्लोमा) करायचं ठरलंय. बीएस्सी नर्सिंग नको, त्यात चार वर्षं जातात. इंदूरमध्ये कॉलेज कुठलं बरं आणि मला अ‍ॅडमिशन मिळेल की नाही, एवढंच हवंय. शनिवारपर्यंत कळवायचं आहे. ‘या वयात कशाला’ हे कृपया कुणी लिहू नका, त्यासाठी घरात माणसं आहेत. गूगल करून झालं, दर पानावर वेगळंच लिहिलंय.

वॉर्ड_नंबर_७
वय किती? बारावी कुठल्या विषयांत? टक्के किती? तिन्ही गोष्टी लिहिल्याच नाहीत तुम्ही.

तात्या_टिळकनगर
अभिनंदन ताई! शिकायला वय नसतं. आमच्या मेहुणीनं पन्नाशीत संस्कृत घेऊन एम.ए. केलं.

वॉर्ड_नंबर_७
तात्या, संस्कृतला नसतं, जीएनएमला असतं. नर्सिंग कौन्सिलच्या नियमात किमान १७, कमाल ३५. म्हणून तर विचारतेय.

पोहे_जिलबी
आणि शनिवारीच का? अ‍ॅडमिशनची शेवटची तारीख आहे का कुठली?

सियागंजची_वही
वय ३४. नोव्हेंबरात ३५ पूर्ण होतील. बारावी कॉमर्स, ५८ टक्के. बारा वर्षं सियागंजात एका होलसेल पेढीवर हिशेब लिहितेय. शनिवारचं नंतर सांगते, आधी होय की नाही ते सांगा.

कोरी_पाटी
कॉमर्स? मग विसरा. बायॉलॉजी लागतं. एनआयओएसमधून (केंद्राचं ओपन स्कूल) बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स देऊन या, मग बोलू. माझ्या भावानं ओपन स्कूलमधूनच बारावी काढली, काही अडलं नाही. प्रॅक्टिकल्स मात्र खरोखर द्यावी लागतात.

वॉर्ड_नंबर_७
ते बीएस्सीचं झालं. तिथं फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी, ४५ टक्के. जीएनएमला कौन्सिल म्हणतं सायन्स असेल तर उत्तम, पण इंग्रजीसह बारावी ४० टक्क्यांनी पास असाल तर चालतं. अर्थात हे दिल्लीच्या कौन्सिलचं झालं. सरकारी जागेसाठी भोपाळचं मंडळ (पूर्वीचं व्यापमं) परीक्षा घेतं, त्याची नियमपुस्तिका आपली वेगळी असते. विषयांची अट त्यात बघा. कुणाच्या भावावर जाऊ नका.

पोहे_जिलबी
कमाल ३५ म्हणजे ३५ पूर्ण झाले की बाद. घाई करा.

कोरी_पाटी
चूक. ३६ लागेपर्यंत माणूस ३५चाच असतो.

पोहे_जिलबी
३५ वर्षं आणि एक दिवस म्हणजे ३५ पेक्षा जास्तच ना? गणित आहे हे.

कोरी_पाटी
मग तुमच्या हिशेबानं वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी माणूस ३६चा होतो काय?

वॉर्ड_नंबर_७
दोघंही थांबा. वय कुठल्या तारखेला मोजायचं ते त्या वर्षीच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. १७चं मोजमाप ३१ डिसेंबरला होतं. वरच्या वयालाही तीच तारीख धरली तर ताईंना नोव्हेंबर आडवा येतो, ऑगस्टची धरली तर नाही. ताई, आधी ती तारीख शोधा. बाकी सगळं नंतर.
आणखी एक. एएनएम (जीएनएमच्या खालचा, सहायक नर्सचा कोर्स) झालेल्यांना पुढे जीएनएमला वयाची आडकाठी नाही. पण खुद्द एएनएमलाच ३५ची मर्यादा आहे, त्यामुळे ती वाटही याच वर्षी धरावी लागेल.

सेवाभावी_६२
ताई, एवढ्या भानगडीत पडूच नका. पेशंट केअरचा काही महिन्यांचा कोर्स असतो, तो करा आणि घरोघरी ड्यूटी घ्या. आमच्याकडे आईसाठी अशीच मुलगी येते, सगळं करते, इंजेक्शनसुद्धा देते. कुणी विचारत नाही.

वॉर्ड_नंबर_७
कुणी विचारत नाही, हीच तर भीती आहे. ती जनरल ड्यूटी असिस्टंट झाली, नर्स नव्हे. कौन्सिलचं रजिस्ट्रेशन नाही. उद्या त्या इंजेक्शननं काही झालं तर तुम्हीही अडकाल आणि ती पोरगीही. काम मोलाचं आहे, नाही म्हणत नाही. पण ताईंनी नर्सचं विचारलंय.

सेवाभावी_६२
आम्ही अनुभवाचं सांगितलं, राग कशाला.

तात्या_टिळकनगर
एमवाय हॉस्पिटलात आमच्या वेळी बहुतेक सगळ्या सिस्टर केरळच्या. मराठी एक शब्द कळत नसे, पण आईनं ‘पोटात कालवतंय’ म्हटलं की बरोबर बेसिन घेऊन हजर! आता पुरुषही असतात म्हणे. त्यांना काय हाक मारायची, ब्रदर?

पोहे_जिलबी
नर्सिंग ऑफिसर म्हणा तात्या. केंद्र सरकारनं २०१६ मध्ये ‘स्टाफ नर्स’चं ते नाव केलं. माझा पुतण्या आहे. ‘ब्रदर’ म्हटलं की तो वळूनच बघत नाही.

बडोदेकर_दांडियाबाजार
वडोदऱ्याला या, सयाजी हॉस्पिटल आहे, गुजरातीही शिकाल.

सियागंजची_वही
मी नोकरी सोडून वडोदऱ्याला येणार आहे का? ठीक आहे, सांगून टाकते. सासूबाईंना अर्धांगवायू झाला. चौदा महिने अंथरुणात आहेत. नळीनं भरवायला, दर दोन तासांनी कूस बदलायला मला एका सिस्टरनं शिकवलं. पाठीला अजून एक जखम नाही. त्या सिस्टरच म्हणाल्या, तुझा हात चांगला आहे, शीक. तेव्हापासून डोक्यात आहे.
एक ओळखीचे गृहस्थ आहेत, ते कॉलेजात सीट मिळवून देतात. शनिवारपर्यंत २५ हजार भरायचे, म्हणजे सीट पक्की. कॉमर्स चालेल म्हणाले, वयाचंही बघून घेतो म्हणाले. नोकरी सोडायला नको, नॉन-अटेंडिंग आहे, फक्त परीक्षेला जायचं. म्हणून विचारत होते की खरंच मिळेल ना.

वॉर्ड_नंबर_७
ताई, हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं.
पैसे देऊ नका. नॉन-अटेंडिंग जीएनएम असा प्रकार नियमात नाही. थिअरीत आणि प्रॅक्टिकलमध्ये ८० टक्के हजेरी असेल तरच परीक्षेला बसता येतं, आणि प्रमाणपत्र हातात पडायच्या आधी प्रॅक्टिकलची हजेरी १०० टक्के भरून द्यावी लागते. मी जीएनएम केलं तेव्हा मिडवाइफरीच्या पोस्टिंगमध्ये मला कावीळ झाली होती. बुडालेली प्रत्येक रात्रपाळी नंतर भरून दिली. सकाळी सातला वॉर्डात, दुपारी वर्ग, रात्री केसबुक. पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीत निम्मी पोरं रडतात. तुम्ही कॉमर्सच्या, तुम्हालाही रडवेल, पण ते सुटतं. हजेरीचं मात्र सुटत नाही.
आणि ज्यांनी कधी वॉर्ड पाहिलाच नाही त्यांची रजिस्टरं कोण भरतं, हे वेगळं सांगायला नको.

कोरी_पाटी
भिया, आपल्याच राज्यात हे पाहिलंय सगळ्यांनी. हायकोर्टानं सीबीआयला कॉलेजं तपासायला लावली. त्यांनी १६९ कॉलेजं ‘योग्य’ ठरवली, आणि मे २०२४ मध्ये सीबीआयनं आपलाच इन्स्पेक्टर लाच घेताना धरला. मग त्या १६९ची पुन्हा तपासणी. पोरांच्या परीक्षा वर्षानुवर्षं लटकल्या. फी भरलेली, वर्ष गेलेलं, कागद काहीच नाही.

सेवाभावी_६२
सगळेच एजंट वाईट नसतात. काही लोक खरंच मदत करतात.

पोहे_जिलबी
तुम्हीच तर नाही ना ते गृहस्थ?

सेवाभावी_६२
मी रिटायर्ड पोस्टमास्तर आहे.

सियागंजची_वही
मग खरं-खोटं ओळखायचं कसं? कॉलेजची इमारत मी पाहून आले. छान आहे. दोन मजले, पाटी मोठी.

वॉर्ड_नंबर_७
पाटी नका बघू. त्या शाळेचं स्वतःचं १०० खाटांचं हॉस्पिटल कुठंय ते विचारा आणि सकाळी आठला तिथं जाऊन उभ्या राहा. युनिफॉर्ममधल्या विद्यार्थिनी दिसायला हव्यात, आणि खाटांवर पेशंट हवेत. मग राज्याच्या कौन्सिलच्या यादीत या सत्राला त्या शाळेला मान्यता आहे का ते बघा. मागच्या वर्षीची मान्यता दाखवली तर उठून या.

तात्या_टिळकनगर
आणि नोकरीचं काय करणार? तीन वर्षं घर कसं चालेल?

सियागंजची_वही
ते कुणाला विचारलं नाहीये तात्या.

सियागंजची_वही (शुक्रवार, रात्री)
त्या गृहस्थांना फोन लावला. विचारलं, पोस्टिंग कुठल्या हॉस्पिटलात? म्हणाले, “पोस्टिंगचं टेन्शन तुम्ही घेऊ नका मॅडम.” हॉस्पिटलचं नाव तीनदा विचारलं, तिन्ही वेळा मला फीचे हप्ते सांगितले. बारा वर्षं उधारीच्या वह्या सांभाळल्यात, असा माणूस मला कळतो. पैसे नाही दिले. शेठजींशी बोलले, मार्चपर्यंतच येईन म्हणून सांगितलं. पुस्तिका शोधतेय.
आता एकच विचारायचंय. बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं. चालेल का?

वॉर्ड_नंबर_७
विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आहे का? असेल तर त्याची प्रत आणि सोबत शपथपत्र. नसेल तर आधी ती नोंदणी करून घ्या, वेळ लागतो.

कोरी_पाटी
शपथपत्र पुरतं. नोंदणीची गरज नाही. माझ्या भावाच्या वेळी...

पोहे_जिलबी
तुमच्या भावाचं लग्नानंतर नाव बदललं?