मी आल्टो धरला की कुत्रा वरचा सूर लावतो (ठाणे, टू बीएचके, कार्यक्रमाला सहा आठवडे)

दुसरी_ओळ
नमस्कार मंडळी. चार आवाजांच्या हौशी कॉयरमध्ये आल्टो (बायकांच्या दोन आवाजांतला खालचा) गाते. रविवारी वाशीला तालीम असते, घरचा रियाझ रोज रात्री आठ ते नऊ, कारण घोडबंदर रोडचं ट्रॅफिक लवकर घरी पोचू देत नाही. घरात चार वर्षांचा देशी कुत्रा आहे (१४ किलो), हॉलमध्ये बजीची (छोट्या परदेशी पोपटांची) जोडी.

टीव्ही, मिक्सर, बोलणं, कशालाच कुत्रा ढिम्म हलत नाही. पण मधल्या पांढरी पाचच्या (पेटीवर मधल्या सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी) वर 'आ' किंवा 'ऊ' लांबवला की मान वर करून हूऽऽ सुरू. हार्मोनियमवर सूर धरला तर दुसऱ्या सेकंदालाच. त्याचं ऐकून बजी किंचाळतात आणि मग वरच्या मजल्यावरून इंटरकॉम. रागावून झालं, खोलीत कोंडून झालं. कोंडलं की दार खरवडतो.

तर ही सवय मोडता येते का, तोवर माझी ओळ पक्की कशी करू, आणि बेडरूम थोडीतरी साउंडप्रूफ होते का? गळा जपायला रात्री निलगिरी तेल टाकून वाफ घेते आणि पर्समध्ये शुगर-फ्री मिंट असतात, म्हणजे तो भाग ठीक आहे.

उपवनकर
आधी एक बघून घ्या: तो साथ देतोय की त्याला त्रास होतोय. साथ देणारा कुत्रा तोंडाचा गोल चंबू करतो, मान वर, शेपटी सैल, आणि बहुतेक वेळा तुमच्या जवळ येऊन बसतो. त्रास होणारा कुत्रा कान मागे पाडतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभया देतो, पलंगाखाली जातो. दुसरा प्रकार असेल तर शिकवणं नंतर, गाणं लगेच थांबवा. डोकं सारखं झटकत असेल, एकच कान खाजवत असेल, कानाला वास येत असेल तर आधी डॉक्टरकडे. पावसाळ्यात कानाचे संसर्ग फार होतात, आणि दुखऱ्या कानावर लांब सूर म्हणजे शिक्षाच.

तुमच्या वर्णनावरून पहिला प्रकार वाटतो. सलग, स्थिर, एकाच उंचीचा आवाज म्हणजे कुत्र्याच्या लेखी दुसऱ्या कुत्र्याचं हूऽऽ. बोलण्यात सूर सतत हलतो, म्हणून टीव्हीला तो दाद देत नाही. हार्मोनियमच्या सुराला ना श्वास ना चढउतार, शिवाय मूळ सुरासोबत वाजणारे वरचे स्वरांश भरपूर, म्हणून तिथे तो लगेच लागतो.

उपाय असा. तुमचाच 'आ' पांढरी पाचवर दहा सेकंद मोबाइलमध्ये रेकॉर्ड करा. उकडलेलं चिकन (मीठ, कांदा, लसूण काही नको) वाटाण्याएवढे तुकडे करून डब्यात ठेवा. फोन हॉलच्या दुसऱ्या टोकाला, आवाज सगळ्यात खालच्या पायरीवर. सूर तीन सेकंद वाजवायचा, वाजत असतानाच तुकडा द्यायचा. सूर बंद, खाऊ बंद. क्रम हाच हवा: आधी सूर, मग तुकडा. उलटं केलंत तर डबा उघडला की आता आवाज येणार एवढंच तो शिकतो.

ओळीने पाच वेळा शांत राहिला की आवाज एक पायरी वर. हूऽऽ केलं तर दोन पायऱ्या खाली. एका बैठकीत पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, जास्त नाही. आणि हो, तेवढे तुकडे त्याच्या रोजच्या जेवणातून वजा करा. फोनचा पूर्ण आवाज पचला की मग तुमचा खरा गळा: आधी बंद तोंडाने गुणगुण, मग ओठ फुरफुरवणं, मग 'ऊ', सगळ्यात शेवटी 'आ'. दार बंद, मग किलकिलं, मग उघडं. सहा आठवड्यांत तो गप्प बसेलच असं नाही, पण पहिल्या सुराला उठणार नाही इथपर्यंत बरीच कुत्री येतात.

रागावू नका. तुम्ही ओरडलात की त्याला वाटतं, चला, कोरसला आणखी एक आवाज मिळाला. हसणं आणि व्हिडिओ काढणं हेही बक्षीसच. रियाझाआधी अर्धा तास दमदार फेरी आणि रियाझाच्या वेळी गोठवलेल्या साध्या दह्याची चाटायची थाळी, एवढ्यानेही बरंच काम होतं.

गोळी_आणि_कडू
बाकीचं सावकाश वाचा, हे आत्ता करा: ती मिंटची पर्स उंच कपाटात ठेवा.

शुगर-फ्री मिंट आणि च्युइंगममध्ये झायलिटॉल असू शकतं. पाकिटावर ते नाव किंवा ई ९६७ असं छापलेलं असतं. माणसाला ते चालतं. कुत्र्याच्या शरीरात मात्र त्याने इन्शुलिन एकदम सुटतं आणि रक्तातली साखर कोसळते. किलोमागे ०.१ ग्रॅम पोटात गेलं तरी धोका, ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृतावर बेतू शकतं. तुमच्या १४ किलोच्या गड्याला १.४ ग्रॅम पुरे. च्युइंगमच्या एका तुकड्यात ब्रँडप्रमाणे पाव ग्रॅमपासून एक ग्रॅमपर्यंत असतं, म्हणजे दोन-तीन तुकड्यांतही मामला होऊ शकतो. उलटी, तोल जाणं, गळून जाणं, झटके ही लक्षणं अर्ध्या तासातही दिसतात, कधी कित्येक तासांनी. लक्षणांची वाट बघत बसायचं नाही आणि घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढायची नाही. पाकीट हातात घेऊन थेट डॉक्टर.

गायक मंडळी खिशात मनुका ठेवतात, त्याही कुत्र्याला विषारी. किती खाल्ल्या तर चालतं असा भरवशाचा आकडा नाही, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. खडीसाखरेत विष नाही. ज्येष्ठमध तुमच्यासाठी ठीक, पण रोज भरपूर चघळला तर रक्तदाब वाढतो, तेव्हा बेताने.

आता वाफ. घशाला हवा असतो तो ओलावा, तो साध्या गरम पाण्यानेही मिळतो. निलगिरी किंवा कापराच्या वासाने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, एवढंच. बजीची श्वसनव्यवस्था फुप्फुसं आणि हवेच्या पिशव्या अशी असते, हवेत काहीही तरंगलं की ते त्यांना आपल्यापेक्षा लवकर लागतं. तेलाची वाफ, धूप, कॉइल, रूम फ्रेशनर, सगळं त्या खोलीबाहेर. निलगिरी तेलाची बाटली कुत्र्याच्या तोंडालाही पोचता कामा नये.

दुसरी_ओळ
बापरे. पाकीट बघितलं. मागे बारीक अक्षरात ई ९६७ आहे. पर्स लॉफ्टवर गेली, वाफ आजपासून साधी.

हिरवी_पिवळी
बजीबद्दल. सकाळी आणि सूर्य मावळताना ते बोलणारच, तो त्यांचा थव्याचा वेळ. रात्री आठला मात्र ते झोपायला हवेत, दहा ते बारा तास अंधार लागतो त्यांना. म्हणजे तुमचा रियाझ त्यांच्या झोपेवर चाललाय, म्हणून किंचाळणं जास्त. साडेसातलाच पिंजरा आतल्या, तुमच्या रियाझापासून लांबच्या खोलीत न्या. सुती पातळ कापड तीन बाजूंनी, एक बाजू हवेला उघडी. आपल्या दमट हवेत चारी बाजूंनी झाकणं म्हणजे कुकर. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला असू द्या, चहूकडून उघडा असला की पक्षी बिचकतात.

स्वयंपाकघरात ठेवायचा मोह नको. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्या धुराने बजी काही मिनिटांत मरतात आणि आपल्याला वासही नीट येत नाही.

दिवसा गाताना ओरडले तर उत्तर म्हणून ओरडू नका. दोन सुरांची छोटी शीळ ठरवा, त्यांनी हळू आवाजात हाक दिली की तीच शीळ घाला. किंचाळण्याला उत्तर नाही, चिवचिवीला आहे, हे त्यांना कळतं.

(कुणी इथे पोपटाचं विचारण्याआधी: आपला देशी हिरवा पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. बजी परदेशी, त्यांना ही बंदी लागू नाही.)

कोपरीचा_टेनर
तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं की ओळ पाठ करायला पूर्ण गळा लागतच नाही. आपण हौशी लोक तासभर मोठ्याने गातो आणि त्यातली चाळीस मिनिटं चुकीचा सूर घोटतो.

पहिले दोन दिवस सूर लावूच नका. शब्द लयीत बोला, मेट्रोनोम (टिकटिक करून लय दाखवणारं यंत्र) मूळ गतीच्या ६० टक्क्यांवर. श्वास कुठे, व्यंजन कोणत्या मात्रेवर, हे टूबी पेन्सिलने स्वरलिपीवरच लिहा. पेनाने नको, तालमीत बदलतं. याला कुत्रा मान वर करणार नाही.

मग स्ट्रॉ. ग्लासात दोन-तीन सेंटिमीटर पाणी, त्यात स्ट्रॉ बुडवून बुडबुड्यांतून आपली ओळ गायची, पाच मिनिटं. तोंडाकडून दाब परत येतो, त्यामुळे स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटत नाहीत, आणि आवाज शेजारच्या खोलीतही जेमतेम जातो. गाल फुगले किंवा मान ताणली तर स्ट्रॉ फार खोल आहे, वर घ्या. बुडबुडे तुटक येत असतील तर श्वास ढकलताय.

म्यूझस्कोर या स्वरलिपीच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वरलिपी असेल तर त्यातल्या मिक्सरमध्ये (प्रत्येक आवाज कमी-जास्त करायची जागा) आल्टो पूर्ण, बाकी तिघं अगदी हळू, अशी एक फाइल काढा. दुसरी उलटी, आल्टो शून्यावर. ठाणे ते वाशी ट्रान्स-हार्बर लोकलला साधारण अर्धा तास मिळतो, तेवढ्यात पहिली दोनदा, दुसरी दोनदा, मनातल्या मनात. दुसऱ्या फाइलवर जिथे मनात सूर सापडत नाही, तिथेच घरी काम करायचं. सगळं पहिल्यापासून घोटायचं नाही.

प्रत्येक प्रवेशाच्या आधी लिहा: माझा सूर मला कोण देतं? समजा टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) पांढरी तीनवर संपला आणि तुम्हाला पांढरी पाच हवी आहे, तर तो सूर मनात धरून काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या वर. तालमीत पियानोवाला दर वेळी सूर देणार नाही.

पूर्ण गळ्याचं गाणं रोज वीस मिनिटं, तेही त्या अडलेल्या जागांचं.

खर्ज_नवी_मुंबई
टेनरशी सहमत. हार्मोनियमबद्दल मात्र एक भर. तुम्ही तिच्यावर ओळ बसवत असाल तर आधी ट्यूनर लावून बघा. जुन्या पेट्या ४४० वर (म्हणजे मधली पांढरी सहा ४४० हर्ट्झ) असतीलच असं नाही, आणि पावसाळ्यात एखादी पट्टी वेगळीच बोलते. वीस सेंटने (शेजारच्या दोन पट्ट्यांत शंभर सेंट) चढ्या पेटीवर पाठ केलेली ओळ वाशीला पियानोशी भांडते. हेडफोनमध्ये पियानोचा सूर लावा, कुत्राही सुटेल.

दुसरं, तंबोऱ्यावर वाढलेल्या कानांचं. आल्टोला वाटतं की आपल्याला एकच सूर आठ मात्रा दिलाय, काय कठीण आहे? तो एकच नसतो. पांढरी पाच धरून बसा. खाली पांढरी एकची कॉर्ड (एकत्र वाजणारा सुरांचा गुच्छ) आली की तुम्ही पंचम आहात. पांढरी पाचची आली की षड्ज. काळी दोनची मेजर आली की शुद्ध गंधार, आणि तंबोऱ्यातला गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. पियानो सोबत असेल तर पियानोचा घ्या. बिनसाथीचं असेल तर किंचित खाली टेकवा, कॉर्ड लगेच स्थिर होते. पण पुढच्या कॉर्डला तिथून वर यायचं विसरतात आणि सगळा कॉयर हळूहळू उतरतो. नाव मात्र बेसचं, म्हणजे आम्हा खर्जवाल्यांचं होतं.

भिंत_फोडू
भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवा, नाहीतर ऑनलाइन फोम. स्वस्त आणि मस्त.

तिसरा_मजला
नाही हो. ट्रे आणि फोम खोलीतला घुमारा कमी करतात, बाहेर जाणारा आवाज नाही. अडवायला वजन लागतं आणि फटी बंद लागतात. तुमचा आवाज जातो तो दाराखालून आणि सरकत्या खिडकीच्या रुळातून. दाराला खालची रबरी पट्टी, खिडकीला ब्रशची पट्टी, आणि शेजाऱ्याच्या भिंतीला कपड्यांनी भरलेलं कपाट, एवढंच भाड्याच्या घरात परवडतं. वरच्या मजल्याला जाणारा आवाज याने फारसा कमी होणार नाही, तिथे वेळ सांगून ठेवणं हाच उपाय. आणि कपाटाकडे तोंड करून गाऊ नका. स्वतःचा आवाज परत येत नाही म्हणून माणूस नकळत रेटतो आणि अर्ध्या तासात घसा बसतो. दोन-तीन हातांवर मोकळी भिंत असू द्या.

बाथरूम टाळा. ऐकायला छान, पण एक्झॉस्टच्या डक्टमधून तीच मैफल वरच्या-खालच्या सगळ्या मजल्यांना मिळते.

निवासी भागात ध्वनिमर्यादा सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत ५५ डेसिबल, नंतर ४५. जवळून मोजला तर खुला गळा ८० च्या वर सहज जातो, म्हणून दहाची वेळ पाळाच. पूर्ण गळ्याची वीस मिनिटं नक्की कुठली, ते वरच्यांना आधीच सांगा. अमुक वेळेला सुरू, अमुकला बंद, हे माहीत असलं की इंटरकॉम कमी वाजतो.

दुसरी_ओळ
ठरलं. पिंजरा साडेसातला आत. आठ ते सव्वाआठ बोलून लय आणि स्ट्रॉ, पुढची वीस मिनिटं पूर्ण गळा, तोवर कुत्र्याला दुसऱ्या खोलीत दही. चिकनचा धडा सकाळच्या फेरीनंतर आणि संध्याकाळी. एक शंका: रविवारी तालीम तीन तास आणि येऊन-जाऊन दोन, म्हणजे पाच तास तो एकटा. त्या दिवशी धडा बुडाला तर चालेल?

उपवनकर
चालेल. बुडालेला धडा सोमवारी दुप्पट करू नका, पायरी मात्र एक खालून सुरू करा. रविवारी निघण्याआधी फिरवून आणा आणि जाताना कार्यक्रमाचा काळा ड्रेस कव्हरमध्येच ठेवा, नाहीतर स्टेजवर त्याचे केस तुमच्याआधी पोचतील.