‘सिंक केलं की बॅकअपचा विषय संपला’ म्हणे!

हिशेबनीस

काल याच मंचावर बिनतारी यांनी ‘छोट्या व्यावसायिकांसाठी दहा टेक टिप्स’ लिहिल्या. नऊ ठीक आहेत. फोननेच बिलं स्कॅन करा, फाइलच्या नावात आधी वर्ष मग महिना लिहा म्हणजे आपोआप क्रमाने लागतात, वगैरे. चौथी टिप मात्र जशीच्या तशी देतो: ‘एक्स्टर्नल हार्डडिस्क भंगारात द्या. कामाचं फोल्डर गूगल ड्राइव्हला सिंक करा. बॅकअपचा विषय संपला.’ खाली ‘वा, किती सोपं करून सांगितलंत’ अशी रांग लागली आहे. म्हणून हा प्रपंच.

मी चार-पाच लहान व्यवसायांचे हिशेब लिहितो. त्यातल्या एका ठिकाणी नव्याने लागलेल्या मुलाच्या लॅपटॉपवर जागा संपली. त्याने ‘जुनं’ नावाचं फोल्डर उडवलं. त्याची काय चूक? नावच ‘जुनं’. आत तीन वर्षांची बिलं आणि पुरवठादारांशी झालेला सगळा पत्रव्यवहार. फोल्डर सिंकमध्ये होतं, त्यामुळे क्लाउडवरून गेलं, तिथून मालकाच्या कॉम्प्युटरवरून गेलं, तिथून त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवरूनही गेलं. चार ठिकाणी होतं आणि चारही ठिकाणी सफाचट. कळलं अडीच महिन्यांनी, एका पुरवठादाराने जुन्या बिलावरून वाद उकरून काढला तेव्हा. ट्रॅश उघडला तर रिकामा, कारण त्याची मुदत कधीच टळली होती. मालक माझ्याकडे बघताहेत आणि मी स्क्रीनकडे.

सिंक म्हणजे आरसा आहे हो. तुम्ही मिशी काढली की आरशातलीही जाते. फोटो काढून ठेवला असेल तर त्यात मिशी राहते. बॅकअप म्हणजे तो फोटो.

३-२-१ चं (तीन प्रती, दोन तऱ्हेच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी) पारायण इथे करत नाही, सगळ्यांना पाठ आहे आणि कोणीच करत नाही. फक्त एवढं सांगतो की तो नियम पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरने रूढ केला, कुठल्या सर्व्हर विकणाऱ्या कंपनीने नाही. तेव्हा ‘हे मोठ्या कंपन्यांचं काम, आपल्याला कशाला’ हे रडगाणं नको.

बिनतारी

दहापैकी नऊ ठीक, तरी स्वतंत्र धागा. आभारी आहे.

आता खरं सांगू? तुमची ती एक्स्टर्नल डिस्क कुठे असते? ड्रॉवरमध्ये. शेवटचा बॅकअप कधीचा? ज्या दिवशी विकत घेतली त्या दिवशीचा. मी पंधरा वर्षं लोकांची मशीन बघतोय, याला अपवाद बोटावर मोजण्याइतके. आणि जो अपवाद असतो तो डिस्क लॅपटॉपच्याच बॅगेत घेऊन फिरतो.

माझा लॅपटॉप प्रवासात चोरीला गेला. मुक्कामी पोचलो, दुसऱ्या मशीनवर लॉगिन केलं, दीड तासात ग्राहकाला कोटेशन पाठवलं. सिंकमुळे! तुमच्या आरशामुळे! डिस्कवाला असतो तर बॅगेसकट सगळंच गेलं असतं.

आणि गूगल ड्राइव्ह जुन्या आवृत्त्या ठेवतो. साध्या फाइलच्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या. ट्रॅशही ३० दिवस राहतो. अडीच महिने कोणी फोल्डर उघडूनच बघत नसेल तर दोष सिंकचा की मालकाचा? न घेतलेल्या उत्तम बॅकअपपेक्षा आपोआप होणारा अर्धामुर्धा बरा.

उंटावरचा_शहाणा

क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर, आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरलाही आग लागते. १० मार्च २०२१, सर्व्हर भाड्याने देणारी ओव्हीएच कंपनी, फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग. एक डेटा सेंटर पूर्ण जळालं. काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते. ज्यांनी ‘ठेवलंय ना कंपनीकडे’ म्हणून ताणून दिली होती ते उठले तेव्हा वेबसाइटची राख.

बिनतारी

तिथे लोक सर्व्हर भाड्याने घेऊन स्वतः चालवत होते. ड्राइव्हची फाइल एका इमारतीच्या भरवशावर नसते. आग आणि आगपेटी यांत फरक करा.

खिळाजुळारी

दोघेही हवेत भांडताय. मी जमिनीवरचं सांगते.

आमचा छापखाना. रोज संध्याकाळी हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप, एकच मोठी फाइल, पेनड्राइव्हवर. शिस्तीत. वहीत सही पण करायचो. एक दिवस हार्डडिस्क टक्... टक्... टक् करायला लागली. तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला विचारा. मी शांत होते, पेनड्राइव्ह आहे ना. लावला, तर शेवटची फाइल सात महिन्यांपूर्वीची.

झालं असं होतं की पेनड्राइव्ह होता फॅट-३२, म्हणजे फाइली साठवायच्या जुन्या पद्धतीचा. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही, बाकी सगळा रिकामा असला तरी. आमची बॅकअपची फाइल सात महिन्यांपूर्वी ४ जीबीच्या पुढे गेली. तेव्हापासून रोज संध्याकाळी ‘फाइल फार मोठी आहे’ असा निरोप यायचा, आणि आमचा माणूस रोज ‘स्किप’ दाबून वहीत सही करायचा. सात महिने सह्या आहेत. सुरेख अक्षर आहे त्याचं.

पेनड्राइव्ह एक्सफॅट या नव्या पद्धतीचा करून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. पण मुद्दा तो नाही. सात महिन्यांत एकदाही कोणी ती फाइल उघडून बघितली नाही. त्यात मीही आले.

दुसरी रड: उघडून बघायची म्हटली तरी उघडायला हवी ना. आमच्याकडे पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइली खंडीभर. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनच्या सीएस ६ आवृत्तीपर्यंत त्या उघडायच्या, पुढच्या आवृत्त्यांत तीही सोय गेली. त्यात मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांमधला, म्हणजे फॉन्ट नसला की नुसती रोमन अक्षरांची खिचडी. बॅकअप शाबूत, वाचता येत नाही. एक म्हातारं मशीन केवळ त्यासाठी सांभाळलंय.

निवांत

केवढा हा खटाटोप! आमच्याकडे भाचा येऊन सगळं सेट करून गेला. क्लाउड, बॅकअप, काय ते. चार वर्षं झाली, मला बघावंही लागत नाही.

उंटावरचा_शहाणा

कोणाच्या ईमेलवर?

निवांत

त्याच्याच. मला कुठे जमतंय ते.

उंटावरचा_शहाणा

दंडवत घ्या. म्हणजे चार वर्षांचा धंदा भाच्याच्या खिशात. त्याचा फोन हरवला, नंबर बदलला, तुमच्याशी भांडण झालं, तर?

निवांत

आमच्यात भांडणं होत नाहीत.

हिशेबनीस

नसतील होत. पण माझ्या एका ग्राहकाचं खातं नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नंबरवर होतं. ओटीपी त्याच्याकडे जायचा. त्याने दोनदा दिला, तिसऱ्यांदा फोन उचलला नाही. का उचलावा? शेवटचा पगार अडकवून ठेवला होता.

सर्वांचा_भाचा

इतका वेळ वाचत होतो, आता राहवत नाही. तो भाचा मी आहे. म्हणजे निवांत यांचा नाही, पण असाच एक. सहा घरं आणि तीन व्यवसाय सांभाळतो, सगळं फुकट. घास तोंडात असताना फोन येतो, ‘अरे, ते गोल गोल फिरतंय’. काय फिरतंय? ‘ते नेहमीचं’.

पासवर्ड स्वतःकडे ठेवायची हौस कोणाला आहे? आम्ही विचारतो, ‘मामा, तुमचा ईमेल कोणता?’ मामा म्हणतात, ‘तुझाच टाक’. आम्ही टाकतो. मग चार वर्षांनी इथले शहाणे म्हणतात, धंदा भाच्याच्या खिशात. माझ्या खिशाला विचारलं होतंत का?

एक किस्सा. मामांच्या लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, चालू होतं. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की मी मोठ्याने वाचून दाखवली, म्हटलं, लिहून ठेवा, ही गेली तर डेटा गेला. मामांनी लिहून ठेवली. सहा महिन्यांनी अपडेटनंतर मशीनने की मागितली. ‘मामा, कुठे लिहिली होती?’ ‘अरे, डेस्कटॉपवर फाइल केली की, *महत्त्वाचे* नावाने.’ त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर!

निवांत

वडीलधाऱ्यांची अशी चारचौघांत टिंगल करायची पद्धत नवीन दिसते. आम्ही तुम्हाला सायकल शिकवली तेव्हा बिल लावलं नव्हतं.

सर्वांचा_भाचा

सायकल एकदाच शिकवावी लागते काका. प्रिंटर दर आठवड्याला.

खिळाजुळारी

हा धागा मी फ्रेम करून लावणार आहे. पण भाच्यांनाही एक सांगायचंय. तुम्ही येता, दहा मिनिटांत टकाटक बटणं दाबता आणि ‘झालं’ म्हणून जाता. काय झालं ते सांगत नाही. एका कागदावर चार ओळी लिहून ठेवाल तर काय जातं?

सर्वांचा_भाचा

लिहून ठेवल्या होत्या. त्या कागदाच्या मागे कोणीतरी यादी केली आणि तो बाहेर घेऊन गेलं.

निवांत

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे).

हिशेबनीस

अहो, मंडळी! धागा बॅकअपचा आहे, नातेसंबंधांचा नाही. निवांत, गंभीरपणे सांगतो, आजच्या आज खातं स्वतःच्या ईमेलवर आणि नंबरवर घ्या. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून गूगल जे १० बॅकअप कोड देतं ते कागदावर छापून कपाटात ठेवा. फोन हरवला की तेवढेच कामाला येतात. आणि भाच्याला बिल द्या.

उंटावरचा_शहाणा

अवांतर संपलं असेल तर मूळ मुद्द्यावर. ३१ जानेवारी २०१७, गिटलॅब, प्रोग्रामरांचा कोड सांभाळणारी कंपनी. एका इंजिनिअरने चुकून खऱ्या सर्व्हरवरचा डेटाबेस उडवला. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, वेळेला त्यातली एकही धड कामी आली नाही. एक तर कित्येक दिवस फसत होती, आणि फसल्याचे ईमेल कोणाला मिळतच नव्हते. वाचले कशाने? एकाने सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घेतला होता, त्याने.

बिनतारी

म्हणजे पाच व्यवस्था असूनही बुडालेच ना? मग छापखान्याची वही आणि हिशेबनीसांचं ३-२-१ काय दिवे लावणार? तुम्ही माझीच बाजू मांडताय.

उंटावरचा_शहाणा

तुमची बाजू ‘सोपं ठेवा’ ही आहे. त्या पाचांपैकी एखादीतून दर महिन्याला कोणी एक फाइल परत आणून बघितली असती तर हे आधीच कळलं असतं. खिळाजुळारीबाईंनी तेच सांगितलं, त्यांना गिटलॅब वाचायची गरज पडली नाही.

खिळाजुळारी

आणखी एक, मग मी थांबते. डिस्क घेतलीत तर कायम लावून ठेवू नका. रॅन्समवेअर, म्हणजे खंडणी मागणारा व्हायरस, आलं की जे जे जोडलेलं दिसेल ते ते कुलूपबंद करून टाकतं, तुमच्या बॅकअपसकट. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा तसलाच व्हायरस आला तेव्हा मर्स्क या जहाज कंपनीची डोमेन कंट्रोलर मशीन (कोणाला लॉगिन करू द्यायचं ते ठरवणारी) जगभर एकजात गेली, एक उरलं. घानाच्या ऑफिसातलं. कारण तिथली वीज गेलेली होती, म्हणून ते त्या वेळी जाळ्यात नव्हतंच. एवढी मोठी कंपनी लोडशेडिंगने वाचवली. तेव्हा तार काढून ठेवत चला, वीज जायची वाट बघू नका.

बिनतारी

ठीक आहे. सगळ्यांनी मिळून धुतलंच आहे तर सांगून टाकतो. काल रात्री तुमची जिरवायची म्हणून एक फाइल परत आणून बघितली. वेगळ्या मशीनवर लॉगिन केलं, एका नेहमीच्या ग्राहकाचं दरपत्रक उतरवलं. मिनिटात उघडलं. स्क्रीनशॉटही काढला इथे टाकायला.

मग दर बघितले. मागच्या वर्षीचे.

लॅपटॉप बदलला तेव्हा मी ‘डॉक्युमेंट्स’ सिंकला जोडलं, आणि काम करत राहिलो ‘डेस्कटॉप’वर. रोज हिरवी खूण दिसायची, ती दुसऱ्याच फोल्डरची.

टिप क्रमांक ४ मधून ‘भंगारात द्या’ आणि ‘विषय संपला’ काढलं आहे. बाकी नऊ जशाच्या तशा आहेत. आणि डिस्क ड्रॉवरमध्ये पडून राहते, हे म्हणणं मागे घेतलेलं नाही.

हिशेबनीस

घेऊही नका. मी आत्ताच माझी काढून बघितली. तारीख सांगत नाही.

निवांत

भाच्याला फोन लावला. म्हणतो, मामा, ते खातं मी कॉलेजात असताना काढलं होतं, पासवर्ड आठवत नाही आणि तो नंबरही आता नाही. तुमच्याकडे लॉगिन झालेलं आहे तेवढंच, कशाला हात लावू नका, रविवारी येतो.

तोपर्यंत कॉम्प्युटर बंद केला तर चालतो का?